चैत्रातील घर आणि राहून गेलेला पाळणा

चैत्र लागला की मराठी घराचे अंगण, ओसरी आणि गच्ची यांचे रूप पालटते. पाडव्याला गुढी उभी राहते, मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात, कडुनिंबाची कोवळी पाने तोंडे वाकडी करीत का होईना, खाल्ली जातात. त्यानंतरचे दोन महिने वर्षाच्या बेगमीचे. धान्याला ऊन द्यायचे, निवडून-पाखडून ते कणगीत किंवा डब्यांत भरायचे, मिरच्या वाळवून तिखट करायचे, पापड लाटायचे, सांडगे घालायचे, कुरडया आणि शेवया करायच्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे लागते. या सगळ्या धामधुमीत मुले सतत पायांत असतात. त्यांना वाटीभर गरम चीक हवा असतो, अर्धवट वाळलेले पापड हवे असतात, आणि वाळवणावरचे कावळे हाकण्याचे काम त्यांच्याकडे असते. वसंत ऋतूतील कौटुंबिक जीवनाचे हे चित्र मराठी मनाला प्रिय आहे. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने त्याचा उरलेला भाग पाहिल्यावाचून पुढे जाता कामा नये.

कुरडयांचेच उदाहरण घ्यावे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो गाळून निवळू द्यायचा आणि मग ऊन चढण्यापूर्वी मोठ्या पातेल्यात अखंड ढवळत शिजवायचा. हात थांबला की गुठळ्या होतात. अशा वेळी घरात दीड वर्षाचे रांगते-चालते मूल असेल तर? बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. मूल झोळीत घालून झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, नाही तर ते आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर द्यायचे. बहीण शाळेत गेली असेल तर तिला त्या दिवशी घरी ठेवायचे. परीक्षा जवळ आली असेल तरीही.

हाताने चीक ढवळणारी आणि पायाने झोळी हलविणारी ही स्त्री अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या क्षणी दोन वेगवेगळ्या जगांत वावरत असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी जी पद्धती 1993 साली सुधारून घेतली, तिच्यानुसार घरच्या वापरासाठी अन्न टिकवून ठेवणे, लांबून पाणी वाहून आणणे ही कामे तत्त्वतः उत्पादनाच्या सीमेच्या आत येतात. स्वयंपाक, धुणीभांडी आणि मुलांचा सांभाळ मात्र त्या सीमेच्या बाहेर. म्हणजे हात उत्पादन करतो आणि पाय काहीच करीत नाही, असा हा हिशेब झाला. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या 1920 सालच्या ग्रंथात या विसंगतीकडे बोट दाखविले होते. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, असे त्याने म्हटले. शंभर वर्षे हा दाखला वर्गावर्गांतून सांगितला जात आहे, विद्यार्थी हसत आहेत, आणि हिशेब जवळपास होता तिथेच आहे.

मोजमाप करणे अशक्य आहे असे मात्र नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे दिसले की, कोणत्याही एका दिवशी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण सहा वर्षांवरील स्त्रियांत 81.2 टक्के, तर पुरुषांत 26.1 टक्के होते. जी माणसे हे काम करीत होती त्यांच्यातही स्त्रीचा सरासरी वेळ दिवसाला 299 मिनिटे आणि पुरुषाचा 97 मिनिटे. घरातील मुले, आजारी आणि वृद्ध यांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये स्त्रिया 134 मिनिटे देत होत्या, पुरुष 76. पायाने झोळी हलविण्याची आणि डोळ्याने मुलावर पहारा ठेवण्याची मिनिटे या आकड्यांत कितपत पकडली जातात, हा प्रश्न उरतोच. मूल सांभाळणे हे बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या आडोशाने चाललेले असते, आणि म्हणूनच ते पाहणाऱ्याला दिसत नाही.

दोन चैत्र

वाळवणाचा चैत्र हा घर, गच्ची आणि वर्षाचे धान्य असणाऱ्यांचा चैत्र आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, धारूर, केज या भागांत चैत्राचा अर्थ वेगळा. साखर कारखान्यांचा हंगाम संपत आला की पाडव्याच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात. दिवाळीच्या सुमारास बंद केलेल्या घराचे कुलूप उघडते. सहा महिन्यांनी चूल पेटते. या धंद्यात मजुरीचा हिशेब माणसावर नसून कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि कामाला दांडी पडली तर खाडा भरावा लागतो. म्हणून बाई बाळंतपणानंतर लौकरच फडात उभी राहते. मूल उसाच्या पाचटावर, गाडीच्या सावलीत किंवा कोपीच्या दाराशी असते.

या मुलाला सहा महिन्यांचा अंगणवाडीचा आहार मिळाला का? त्याचे नाव असते गावच्या नोंदवहीत आणि ते स्वतः असते दीडदोनशे कोस दूर, कोल्हापूर-सांगलीच्या नाही तर सीमेपलीकडल्या कर्नाटकाच्या फडात. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली आणि त्यामुळे काही मुले गावी थांबू शकली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु दोन-तीन वर्षांचे मूल वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईबरोबर जाणार, आणि त्याला सांभाळायला पुष्कळदा त्याची मोठी बहीणही जाणार. चैत्रात हे कुटुंब गावी येते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. मुलगी वर्गात जाऊन बसते ती सुट्टी लागण्यापुरती.

पूर्वेकडे गडचिरोलीच्या जंगलात हेच दिवस मोहफुलांचे. फुले रात्रभर गळतात, म्हणून उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जायचे. ऊन चढेपर्यंत वेचायचे, घरी आणून अंगणात वाळत घालायचे. त्यामागोमाग वैशाखात तेंदूपानांचा हंगाम येतो. पाने तोडायची आणि घरी येऊन पुडे बांधायचे. कित्येक कुटुंबांची वर्षातील रोख कमाई या थोड्या आठवड्यांतच हाती येते. लहान मूल पाठीशी बांधून न्यावे तर वेचणी कमी होते. घरी ठेवावे तर घरी आहे कोण? अंगणवाडी उघडण्याची वेळ होते तेव्हा आईचा अर्धा दिवस संपलेला असतो.

शहरातील पगारदार कुटुंबाने या प्रश्नाचे आपले उत्तर शोधले आहे. त्याचे नाव आजोळ. परीक्षा आटोपल्या की मुंबई-ठाण्याची मुले कोकणात आजीकडे पोहोचती केली जातात. मामाच्या गावाच्या आठवणींवर मराठी साहित्याची एक अख्खी पिढी पोसली गेली. पण त्या आठवणींत आजी आणि मामी कधी बसलेल्या दिसतात का? नेमके त्याच दिवसांत आंबे उतरायचे असतात, काजू भाजायचे असतात, आमसुले, फणसपोळी आणि आंबापोळी घालायची असते, विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. त्यात आणखी सहा-आठ मुलांची जेवणे, आंघोळी आणि भांडणे. आजोळ ही प्रेमाची जागा आहे, यात शंका नाही. परंतु ती विनामोबदला चालणारी पाळणाघरेही आहेत, आणि ज्यांची आजीच फडात किंवा परक्याच्या घरी धुणीभांडी करते आहे त्यांना ती उपलब्ध नाहीत.

बोर्डीने काय शिकविले होते

हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. त्याचे उत्तरही याच मातीत एकदा शोधले गेले होते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी उघडली तरी गरिबांची मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा जन्म असा झाला. पुढे 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात काम करताना आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण कुणी गुरे राखते आणि कुणी भावंड. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंड राखणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी निघाली. बहिणीने कडेवरचे मूल पाळण्यात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे, इतकी ती योजना साधी होती.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. एका मराठी शिक्षणतज्ज्ञ स्त्रीच्या प्रयोगाचे नाव आज भारतभर सर्व भाषांत उच्चारले जाते, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. या योजनेने लसीकरण, पूरक आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत नेले, तेही थोडे काम नव्हे. परंतु योजनेने अंगण घेतले आणि पाळणा मागे ठेवला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी दिवसातील काही तास अंगणवाडीत यावे आणि खाऊन-शिकून घरी जावे; तीन वर्षांखालील मुलाचा आहार घरी न्यावा, अशी सर्वसाधारण व्यवस्था राहिली. या व्यवस्थेमागे एक गृहीत आहे: घरी आई आहे आणि ती मोकळी आहे. फडात, जंगलात, बांधकामावर आणि परक्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे गृहीत पहिल्या दिवसापासून चुकीचे होते.

पाळण्याची आठवण कायद्यांना अधूनमधून होत राहिली. 1948 च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीस स्त्री-कामगारांपर्यंत खाली आणली. 2017 साली प्रसूती लाभ कायदा सुधारून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले गेले. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालील पाच मुले कामावर आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. या सर्व तरतुदींचे एक सामान्य लक्षण आहे. त्या मालकाकडे पाहतात, आणि बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांना कायद्याच्या अर्थाने मालकच नाही. मुकादम मालक असल्याचे नाकारतो, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मोहाच्या झाडाला तर मालकीण म्हणजे ती स्वतःच!

बांधकामावरील मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत फिरत्या पाळणाघरांचा प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी मालक कोण हे ठरण्याची वाट पाहिली नाही. मूल आहे आणि त्याला सावली नाही, एवढे कारण त्यांना पुरले. कर्नाटक सरकारनेही 2023 नंतर ग्रामपंचायतींच्या माध्यमातून रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी शिशुगृहे उघडण्यास आरंभ केला. अर्थात ही गोष्ट स्वप्नरंजनाची नाही. ती इच्छेची आणि पैशाची आहे.

सुट्टीचे पोट

वसंत ऋतूत आणखी एक विसंगती उघडी पडते. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाला रोज एका मोफत भोजनाचा हक्क दिला. मात्र त्यातच ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ अशी मेख मारून ठेवली. मे महिना हा विहिरी आटण्याचा, शेतात काम नसण्याचा आणि घरातील दाणे सरत येण्याचा महिना. नेमक्या त्याच महिन्यात शाळेची चूल विझते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही भोजन देण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. परंतु दुष्काळ जाहीर झाला तर मुलाला भूक लागते आणि जाहीर झाला नाही तर लागत नाही, हा तर्क कुठल्या शहाणपणाचा? सुखवस्तू घरातील मुलाला सुट्टीत चार पदार्थ जास्त मिळतात. ज्याला शाळेतच पोटभर जेवण मिळत होते त्याचे ताट सुट्टीत अर्धे होते.

राज्यघटनेचा विचार केला तर उतरंड अधिकच स्पष्ट दिसते. मूळच्या पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या ‘सर्व’ मुलांचा उल्लेख होता; त्यात सहा वर्षांखालील मूलही होते. 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाचे शिक्षण मूलभूत हक्क केले आणि सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन राज्याने करावयाच्या ‘प्रयत्नां’पुरते राहू दिले. मोठ्या भावंडाला हक्क मिळाला आणि धाकट्याच्या वाट्याला प्रयत्न आला. पण धाकट्याला सांभाळण्यासाठी ज्या बहिणीला घरी थांबावे लागते, तिच्या हक्काचे पुढे काय होते? धाकट्याचा पाळणा आणि थोरलीची पाटी या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे कोसबाडला कळले होते.

या विचाराला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, मूल आईजवळच वाढले पाहिजे. पाळणाघरांनी कुटुंबसंस्था मोडेल. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या घरी पुष्कळदा पगारी बाई मूल सांभाळत असते, आणि त्या बाईचे मूल कुठे आहे हा प्रश्न त्यांना पडत नाही. शिवाय आई जवळ असणे आणि आईला मुलासाठी सवड असणे या एकच गोष्टी नव्हेत. फडाच्या कडेला पाचटावर झोपलेले मूल आईपासून वीस पावलांवर असते. ते आईच्या सहवासात वाढते आहे असे म्हणणे ही त्या आईची क्रूर थट्टा होय. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर एवढेच म्हणणे आहे की, हा खर्च आजही होतोच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुली आपल्या शाळेच्या दिवसांनी तो चुकता करीत आहेत. समाजाने तो आपल्या वहीत लिहिलेला नाही, इतकेच.

जी माणसे हे काम शासनासाठी करतात त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीही याच मुळातून येते. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, ‘मानधन’ आहे. मुले सांभाळणे हे काम नसून सेवा आहे, अशी समजूत त्या शब्दात दडली आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले आणि तो संप जानेवारीपर्यंत चालला. घरातील आईचे श्रम फुकट, म्हणून अंगणवाडीतील बाईचे श्रम स्वस्त. हे दुष्टचक्र एका ठिकाणी तोडून भागणार नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक अंगणवाडीला पाळणाघर जोडले पाहिजे. ते चार तासांचे न ठेवता आईच्या कामाच्या वेळेइतके ठेवले पाहिजे. मोहाच्या हंगामात ते पहाटे उघडावे आणि ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ हलावे. त्यासाठी वेगळी सेविका असावी आणि तिला वेतन मिळावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्याने महामंडळ स्थापन केले आहे. त्याच्या खर्चात कोपीवरच्या मुलांच्या पाळण्याला पहिले स्थान असले पाहिजे. शाळेचे भोजन सुट्टीत थांबता कामा नये. यांपैकी एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही. ग्रामसभेच्या ठरावापासून विधिमंडळापर्यंत प्रत्येक पायरीवर ती आजच लावून धरता येईल.

मात्र शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, याचे भान कार्यकर्त्यांनी ठेवलेले बरे. चळवळीतील साथींच्या घरांत चैत्र कसा जातो? समतेच्या विषयावरील बैठक रात्री नऊपर्यंत लांबते, आतून चहा येतो, आणि चहा करणारी व्यक्ती बैठकीला का बसलेली नाही हे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. स्त्री-कार्यकर्त्या का टिकत नाहीत यावर शिबिरांत परिसंवाद होतात, परंतु शिबिराच्या जागी मुलांसाठी खोली आणि त्यांना सांभाळायला माणूस असावा, ही व्यवस्था अपवादानेच आढळते. मूल सांभाळणे हे पुरुषाचेही काम आहे, हे सांगण्यासाठी कायद्याची गरज नाही. त्यासाठी मूल झोपवावे लागते, त्याचे लंगोट धुवावे लागतात, आणि पातेल्यातला चीक ढवळावा लागतो.

येत्या उन्हाळ्यात शाखांनी एक काम हाती घ्यावे. आपापल्या गावात, पाड्यात किंवा वस्तीत सहा वर्षांखालील किती मुले आहेत, दिवसभर त्यांना कोण सांभाळते, आणि त्या सांभाळण्यापायी कोणत्या मुलीची शाळा बुडाली, याची घरोघर जाऊन नोंद करावी. सरकारी वहीत न मावलेले हे आकडे जमले की ते घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. आणि ही नोंद करायला जाताना साथींनी आपल्या घरातील मूलही बरोबर घ्यावे. निदान त्या दिवसापुरती घरच्या बाईच्या अंगठ्याची दोरी सुटेल.